सब्र आणि वेदनेचे औषध



काही वर्षांपूर्वी मी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध नमाजीच्या भेटीस गेलो होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मुलांनी कपाटात ठेवल्या होत्या. नशा चढेल ही भीती होती आणि वेदना सोसल्याने गुनाह झडतात ही श्रद्धा. मीही ‘चाचा, सब्र करा’ म्हणून परतलो. गोळ्यांविषयी एक शब्द बोललो नाही. ते मौन आजही मला बोचते.

आजारपण श्रद्धावंताच्या गुनाहांचे प्रायश्चित्त ठरते, ही शिकवण खरीच आहे. परंतु जी वेदना आपण कमी करू शकतो, ती दुसऱ्यावर लादण्याची परवानगी या शिकवणीत नाही. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपली यातना अल्लाहपुढे मांडली, तरीही कुरआन त्यांना सब्र करणारे म्हणूनच गौरवतो. हजरत आयशा (रजि.) रुग्णांना व शोकाकुलांना तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, देण्यास सांगत. प्रेषितांनी (स.) तिचा गुण सांगितला तो रुग्णाच्या मनाला आराम देण्याचा. आराम देणे हेही सेवेचे स्वतंत्र प्रयोजन आहे.

मग नशेचे काय? नशेसाठी घेणे हराम आहे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेपुरत्या मात्रेत घेणे ही वेगळी गोष्ट आहे. निकडीच्या वेळची अशी मुभा फिकहला मान्य आहे. मृत्यू लवकर यावा म्हणून औषध देणे मात्र कदापि वैध नाही. दोन्हींतील भेद नीयतीचा आहे, तसाच मात्रेचाही.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक शुश्रूषा, हे नाव ऐकताच ‘आता आशा संपली’ असे घरच्यांना वाटते. हा गैरसमज आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लवकरच, नेहमीच्या उपचारांसोबत ही शुश्रूषा मिळाली, त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले व नैराश्य कमी आढळले. त्यांच्या हयातीचा मध्यकही ८.९ ऐवजी ११.६ महिने होता. हयात अल्लाहच्याच हाती आहे. पण उपचार आणि आराम एकमेकांचे वैरी नाहीत, एवढे यातून नक्की कळते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

एखादा रुग्ण म्हणेल, ‘नमाजेच्या वेळी मला शुद्ध हवी, थोडी कळ चालेल.’ तो त्याचा सब्र आहे आणि त्याचा मान राखावा. मात्रा व वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. पण हा निर्णय रुग्णाचा आहे. त्याच्या वतीने सब्र करण्याचा अधिकार मुलांना नाही आणि इमामालाही नाही.

म्हणून आता रुग्णाच्या उशाशी बसलो की मी आधी विचारतो, ‘दुखतंय का? औषध घेतलंत का?’ दुआ त्यानंतर करतो. आपणही तसेच करावे, ही विनंती. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांच्या वेदना हलक्या करो. आमीन.