प्रत निघाली, मूळ तर जागेवरच आहे!



मागील महिन्यात मुखेड येथे जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण रेंगाळत थांबला. त्याच्या वडिलांचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. एके काळी त्याच दुकानात गाण्यांच्या सीडी ‘मारून’ मिळत. तो म्हणाला, “मौलानासाहेब, वाद्यसंगीत बहुतेक आलिम नाजायज मानतात. मग नाजायज वस्तूची नक्कल केली, तर चोरी झाली कशाची? शिवाय मूळ सीडी मालकाजवळच राहते.”

प्रश्न चतुर होता आणि मला अनोळखीही नव्हता. 2004-05 च्या सुमारास, मदरशातून सुटीवर आलो असता, मी स्वतः नातांची एक सीडी अशीच दहा-पंधरा रुपयांत करवून घेतली होती. नात आहे, ऐकून सवाबच मिळेल, अशी मनाची समजूत घातली होती.

कॅसेटच्या काळातही नक्कल होत असे. पण तासाभराची कॅसेट उतरवायला बहुधा तासच लागे आणि प्रतीची प्रत काढावी तसा आवाज घोगरा होत जाई. म्हणजे नक्कल आपली ओळख आपणच सांगत असे. 1988 मध्ये जपानच्या ताइयो युदेन कंपनीने कोरी, एकदा लिहिता येणारी सीडी तयार केली. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात आणि वाचणारे यंत्र त्याच खुणांना नाद समजते. पुढे घरोघरच्या संगणकांना ‘रायटर’ जोडले गेले. 700 एमबीच्या चकतीवर ऐंशी मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे, आणि एमपी-थ्री करून भरल्यास दीडशेच्या आसपास गाणी! काम काही मिनिटांचे, आणि ध्वनिमुद्रणाची थेट प्रत काढली तर ती मुळासारखी हुबेहूब.

येथेच मनाची फसगत होते. चोराने शेळी नेली तर खुंटा रिकामा दिसतो. येथे कोणाचाच खुंटा रिकामा दिसत नाही.

परंतु सूरह अन्-निसाच्या 29 व्या आयतीत श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई करताना जी सवलत दिली आहे, ती परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराची आहे. मालकाची पेटी रिकामी झाली की नाही, एवढ्यावर निवाडा थांबत नाही. त्याची रजामंदी होती काय, हेही पाहावे लागते. गीतकार, तबलजी, ध्वनिमुद्रण करणारा, या सर्वांच्या मेहनतीचा मोबदला अखेर विकल्या जाणाऱ्या प्रतीतूनच निघतो. ती विक्री आपण आपल्या गल्ल्यात वळवली.

आता ‘नाजायज वस्तू’विषयी. मदरशात ‘हिदाया’ शिकताना गसबच्या प्रकरणात आम्ही एक मसला वाचला होता. एका मुसलमानाचे वाद्य दुसऱ्याने मोडले, तर? इमाम अबू हनीफा (रह.) म्हणतात, भरपाई द्यावी लागेल, वाद्य म्हणून नव्हे, तर त्यातील लाकूडसामान दुसऱ्या उपयोगाचे होते म्हणून. त्यांचे दोन थोर शिष्य भरपाई मानत नाहीत, आणि पुढे फतवा शिष्यांच्या मताकडे गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो मतभेद वाद्य मोडणाऱ्याविषयी आहे. दुसऱ्याचे वाद्य उचलून स्वतः मैफल भरवणाऱ्याविषयी आणि वर तिकीट लावणाऱ्याविषयी नाही! सीडी मारणाऱ्याने संगीत थांबवले नाही. त्याने एकाचे दीडशे केले. संगीत नाजायज मानायचे तर त्याची विक्री दुप्पट अडचणीची. जायज मानायचे तर हक्क मालकाचा. दोन्ही वाटांनी ती कमाई निर्धोक ठरत नाही.

लेखन-निर्मितीचा हक्क ही मालमत्ता आहे काय, यावर पूर्वीच्या काही आलिमांना शंका होती. मात्र डिसेंबर 1988 मध्ये, म्हणजे ती कोरी सीडी जन्मली त्याच वर्षी, कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने असे हक्क शरीअतने संरक्षित असून त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केला. देशाचा कायदाही आहे : 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राने तर 2009 मध्ये ‘व्हिडिओ पायरेट्स’ना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्यात नेऊन बसवले. आपल्या मुलाने त्या पंगतीत बसावे, असे कोणत्या मातेला वाटेल?

नात आणि बयान यांनाही वेगळा नियम नाही. वक्त्याने स्वतः “वाटा” म्हटले असेल तर अवश्य वाटा, ते पुण्यच. त्याने विक्रीस ठेवले असेल, तर आपली नेक नियत त्याच्या परवानगीची जागा घेत नाही. सीडी गेली, मेमरी कार्ड आले, आता टेलिग्रामच्या लिंका आल्या, मसला तोच.

तरुणाने जाता जाता हळूच विचारले, “अब्बांनी त्या काळी कमावले, त्याचे काय?” मी सांगितले : तौबा करावी, हक्कदार सापडत असेल तर त्याचे त्याला पोचवावे, सापडत नसेल तर अंदाजाने रक्कम काढून, स्वतःच्या सवाबची नियत न ठेवता, हक्कदाराच्या वतीने गरजूंना द्यावी.

घरी आल्यावर मी माझी ती जुनी सीडी शोधून काढली. तिच्यावर ना गायकाचे नाव, ना कंपनीचे. निळ्या मार्करने फक्त ‘नात – 2’ एवढेच लिहिलेले आहे.