रस्सा तिचा, पाटी त्याची

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट आहे: २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक. जवळच सिल्लेवाडा, वलनीच्या कोळसा खाणी. पाळीवरचे कामगार, कंत्राटी मजूर, ट्रकचालक असा घराबाहेर जेवणारा माणूस या पट्ट्यात कायमचा आहे. आणि नागपूर जिल्ह्यात बाहेर झणझणीत जेवायचे म्हटले की पावले सावजी भोजनालयाकडे वळतात.

जुन्या सावजीत थाटमाट नसतो. बाके, स्टीलची ताटे, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. मटण, खूर, सुंदरी, मांस न खाणाऱ्याला पाटोडी रस्सा. पूर्वी हे सगळे जवसाच्या तेलात व्हायचे. दगडफूल, खसखस, सुंठ, मिरे, शहाजिरे भाजून वाटलेला काळपट मसाला आणि वर लालभडक तर्री. नाकातून पाणी आले तरी माणूस रस्सा पुन्हा मागतो.

ही चव नागपूरच्या हलबा कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे गिरणीच्या आणि नंतर यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागाला उतरती कळा लागली. मागावर पोट भरेना, तेव्हा अनेक घरांनी चुलीचा आधार घेतला. घरातल्या बाया रांधत होत्या तेच जेवण पुढच्या खोलीत विकायला आले. म्हणजे धंद्याचे मूळ भांडवल बाईच्या हातात होते: मसाल्याचे प्रमाण, भाजण्याचा अंदाज, पहाटेपासून उभे राहण्याची ताकद.

पाट्या मात्र वाचून पाहाव्यात. बहुतेकींवर पुरुषाचे नाव किंवा आडनाव असते, आणि गल्ल्यावरही बहुधा तोच.

असे इथेच घडले असेही नाही. अमेरिकेतल्या टेक्सासात मेक्सिकन घरांच्या चुलीतून टेक्स-मेक्स नावाचे जेवण उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकात संध्याकाळी बाया मिरची-मांसाची भांडी घेऊन बसत. 'चिली क्वीन्स' हे त्यांचे सामूहिक नाव सर्वांना ठाऊक होते, एकेकीचे फार थोड्यांना. आरोग्याच्या नियमांपुढे त्यांची दुकाने अखेर उठली. त्याच टेक्सासात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने तिखटाची तयार पूड बाटल्यांत भरून विकली आणि त्याचे नाव बाटलीवर घरोघरी पोचले.

ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो यांची गोष्ट वेगळी आहे. नवऱ्याबरोबर त्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्यांचा कारखाना चालवत. १९६९ साली नवरा गेला, धंदा अडचणीत आला. १९७३ साली त्यांनी कारखान्याच्या दर्शनी भागात दहा टेबले मांडली आणि पाटीवर स्वतःचे नाव घातले. टेक्स-मेक्सच्या इतिहासात त्या आज नावाने उभ्या आहेत. पण त्यासाठी आधी घरातला पुरुष जावा लागला, हे विसरता येत नाही.

नाव हा मानाचा प्रश्न आहे, त्याहून मोठा प्रश्न हक्काचा. सरकारी श्रमबल पाहणीत घरच्या उद्योगात बिनपगारी राबणाऱ्या मदतनिसांचा वेगळा वर्ग आहे. भोजनालयातली सून त्यात मोजली जाते. वाढप्याला पगार मिळतो, भांडी घासणाऱ्या पोराला मिळतो; तिला मिळत नाही, कारण ती घरची! 'आपल्या माणसांत हिशेब कसला?' असे वरून ऐकवले जाते. पण भावाभावांची वाटणी होते तेव्हा हिशेब चांगला कडक होतो. बाके, पातेली, गॅसच्या टाक्या, जागेचे भाडेपत्र सगळे मोजले जाते. ज्या हाताने गिऱ्हाईक बांधून ठेवले, त्याची वाटणीत नोंद नसते. संसार मोडला, तर वीस वर्षे रस्सा रांधूनही ती बाई धंद्याची कुणी लागत नाही. हा अन्याय आहे, आणि तो कुटुंबाच्या प्रेमाआड झाकून राहतो.

यावर उपाय महाराष्ट्राला नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्याने आपणहून जमीन करून द्यायची, असे आवाहन होते, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते मनावर घेतले. कोरडवाहू शेतकऱ्याला जे जमले ते चालत्या भोजनालयाच्या मालकाला न जमण्याचे कारण नाही.

खापरखेड्यापासून नागपूरच्या इतवारीपर्यंत ज्यांच्या घरी ही चूल पेटते, त्यांनी एवढे करावे: अन्न परवान्यावर किंवा भागीदारीच्या कागदावर तिचे नाव घालावे, आणि तिच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम भरावी. जेवणाऱ्यांनीही बिल देताना रस्सा कुणी केला ते विचारावे, आणि दाद गल्ल्यावर न देता आत, तिच्यापर्यंत पोचवावी.