शिकविणारा मुकादम

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ११:२५, २६

जऊळक्यास रेल्वेच्या रुळावर असो की शेतात, नव्या गड्यास कसब शिकविताना कित्येक मुकादम मनात भितात : हा उद्या माझी जागा घेईल. बर्णबाने हे भय जिंकिले. शौलास तार्साहून अंत्युखियास त्यानेच आणिले. पुढे पौलाचे नाव आधी येऊ लागले, तरी त्याने हेवा धरिल्याचे शास्त्रात कोठे नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावी निराश्रित स्त्रियांस खिळे जुळविण्यास शिकविले. म्हणून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्यावरही त्यांचे मराठी शास्त्र १९२४ साली तेथेच छापून निघाले. ज्यास धन्याचे काम प्रिय, तो शिकवितो. ज्यास केवळ आपली जागा प्रिय, तो लपवितो. उपदेशकहो, या आठवड्यात हाताखालच्या एकास तरी आपले एक काम शिकवा. प्रभू तसे मन देवो. आमेन.