सांधा कोठें ढिला आहे?

(इफिसकरांस पत्र, अध्याय ४, ओंवी १६)



पौल प्रेषित मंडळीस शरीराची उपमा देतो, आणि त्या शरीरांतील सांध्यांचें नांव मुद्दाम घेतो. सांधा ढिला होणें म्हणजे काय, हें आम्हांस एका गळाच्या काठीनें शिकविलें. म्हणून आज तिच्याविषयींच बोलूं. पेत्रानें गळ टाकल्याचा वृत्तांत मत्तयाच्या १७ व्या अध्यायांत आहे. त्याच्या हातीं काठी होती कीं नुसती दोरी, हें मात्र सुवार्तिकानें लिहिलें नाहीं.

आमच्या नदीकांठचीं मुलें अखंड वेळूची काठी वापरतात. तिला सांधा नाहीं, म्हणून सांध्याचें दुखणेंही नाहीं. पण एका बंधूनें आमच्याकडे दुरुस्तीस आणलेली काठी निराळ्या जातीची होती. बांबू उभा चिरून त्याच्या बहुधा सहा त्रिकोणी कामट्या सरसानें जोडावयाच्या, अशी ही काठी १९ व्या शतकांत अमेरिकेंतील कारागिरांनीं पूर्णत्वास नेली. आरंभीं ह्या कामास आपल्या देशांतील वेळू 'कलकत्ता वेळू' ह्या नांवानें जात असे. पुढें दक्षिण चीनमधील बांबूनें त्याची जागा घेतली. अशी काठी दोन किंवा तीन तुकड्यांची असते. एका तुकड्याच्या टोंकास जर्मन सिल्व्हरची पोकळ नळी बसविलेली असते, दुसऱ्याच्या टोंकास त्या नळींत नेमकी जाणारी खुंटी. नर व मादी एकमेकांत सरकविलीं कीं काठी एक होते.

ह्या काठीस हलविलें कीं 'टक्' असा आवाज येई. ह्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं; कारण ढिल्या सांध्यांत काठी आंतल्या आंत आपटते, सगळा ताण नळीच्या कडेवर येतो, आणि मोठा मासा लागला म्हणजे ती नेमकी तेथेंच मोडते. खुंटी झिजली असावी असें समजून आम्हीं तिला मेणबत्तीचें मेण चोळलें. मेण कांहीं वाईट नव्हे. खुंटी थोडीशीच झिजली असेल, तर त्याचा पातळ हात दिवसभराचें काम भागवितो. पण आमचा 'टक्' दुपारीं परत आला. मग आम्हीं पक्कड घेऊन नळीचें तोंड दाबलें. हा निव्वळ उतावीळपणा होता. गोल तोंड लंबगोल झालें, दोन ठिकाणीं खुंटी आवळली गेली आणि दोन ठिकाणीं फट राहिली.

तेव्हां मंडळींतील एका वृद्ध सुतारानें काठी मागून घेतली. त्यानें एका हातानें खुंटी धरली, दुसऱ्यानें वेळू हळूच पिळला, आणि म्हटलें, "पाळकसाहेब, खुंटी झिजलेलीच नाहीं. तिच्या मागें पाहा." पाहतों तों खुंटीच्या मागच्या पोकळींत वेळू फिरत होता! लाख व राळ ह्यांचें लुकण आंतून सुटलें होतें. आम्ही जेथें मेण लावीत होतों तेथें दुखणेंच नव्हतें.

त्यानें आडवी पिन काढली, धातू मंद आंचेवर फिरविला (वेळूस आंच लागूं दिली नाहीं, कारण कामट्यांचा सरस सुटतो), आणि खुंटी सरळ ओढून काढली. मग जुनें लुकण खरवडूं लागला. आम्हीं म्हटलें, "बाबा, एवढें कशाला? नवें वरून ओतूं." तो म्हणाला, "जुन्यावर नवें धरत नाहीं," आणि स्वच्छ वेळू दिसेपर्यंत खरवडीत राहिला. खरवडून वेळू बारीक झाला, म्हणून त्यावर रेशमी दोरा एकसारखा गुंडाळला, खुंटी बेताची बसते कीं नाहीं हें पुन्हां पुन्हां पाहिलें, आणि मगच लुकण लाविलें. हल्लीं पुष्कळ लोक इपॉक्सी वापरतात. ती घट्ट धरते, पण पुढें सोडवावयाची झाल्यास फार त्रास देते. नळीचें बिघडलेलें तोंड गोल सळईवर हलकें ठोकून सरळ करण्यांत त्याचा अर्धा दिवस गेला, तो आमच्यामुळें.

ह्याच सुमारास मंडळींतील दोन भाऊ प्रभुभोजनास एकत्र येत नव्हते. भांडण वर्गणीच्या हिशेबावरून आहे असें सर्व जण म्हणत. आम्हीं नाताळांत दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. तें मेण होतें. नंतर पंचांकडून ताकीद देवविली. ती पक्कड होती. सुताराच्या घरून परत येतांना आम्हीं धाकट्याकडे एकटें बसून विचारलें, "हिशेब राहूं द्या. तुमच्या स्वतःच्या मनांत काय सुटलें आहे?" तो बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें सांगितलें कीं, आईच्या आजारांत वडील भावानें औषधासाठीं दिलेले पैसे आपण दुसरीकडे खर्चिले, आणि आई गेली. भावास हें ठाऊक नव्हतें. नऊ वर्षें हा भावाच्या प्रत्येक शब्दांत आरोप ऐकत होता.

तो स्वतः जाऊन सर्व सांगून आला. आम्हीं सोबत येऊं का म्हणून विचारलें, तर नको म्हणाला. वडील भाऊ चार दिवस कोणाशीं बोलला नाहीं. तें खरवडणें दोघांसही फार लागलें. पुढच्या प्रभुभोजनास दोघेही आले आणि एकाच बांकावर बसले. मध्यें वडील भावाची लहान मुलगी होती, आणि तिनें दोघांचेही हात धरले होते.