ओलं आहे तोवर

पेण तालुक्यातल्या हमरापुरात आषाढ लागला की गणपतीच्या कारखान्यांमध्ये रात्रीचा दिवस होतो. अण्णांचा कारखाना त्यांतलाच एक. मोठ्या मूर्तींच्या वाटेला ते जात नसत. सहा इंचांपासून फूटभरापर्यंतच्या, घरगुती मखरात बसणाऱ्या शाडूच्या मूर्ती, हीच त्यांची ओळख. एवढ्या लहान मूर्तीच्या गालावर लाली उतरवायची, सोंडेच्या वळणात सावली धरायची, तर मोठी स्प्रे गन कामाची नाही. म्हणून अण्णांच्या मुलानं, महेशनं, मुंबईहून एअरब्रश आणला होता. त्याच्या नोझलचं भोक ०.३ मिलिमीटर. खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग येतो. दोन्ही एकाच बोटाचं काम. ते बोट वळणाला लागलं की पापणीच्या कडेची छटासुद्धा जमते.

महेशचं बोट वळणाला लागलं होतं. कामाला तो कधी मागे हटत नसे. खोट एकच. काम थांबलं की एअरब्रश जसाच्या तसा बाजूला ठेवून द्यायचा.

डोळ्यांची आखणी करणारे नाना कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर. ते रोज रात्री कुंचले धुताना म्हणत, "महेश, धुवून ठेव रे ते."

"सकाळी पाण्यात टाकतो, नाना."

हे उत्तर आळसाचं नव्हतं. शाडूच्या घरात वाढलेल्या मुलाचं होतं. शाडूची मूर्ती वाळली, तडकली, तुटली, तरी तुकडे पाण्यात भिजत घाला. त्यांची पुन्हा माती होते आणि मातीची पुन्हा मूर्ती. पोस्टर कलर वाळला तरी ओल्या कुंचल्यानं सुटतो. महेशनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. एअरब्रशमधल्या अ‍ॅक्रिलिक रंगाची जात मात्र वेगळी. ओला असतो तोवर हा रंग पाण्यात मिसळतो. त्यातलं पाणी उडून गेलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा सलग पापुद्रा होतो आणि मग त्यावर पाण्याची मात्रा चालत नाही.

चतुर्थीला आठवडा उरला होता. मूर्ती न्यायला गाड्या दारात उभ्या राहू लागल्या होत्या आणि नेमका तेव्हाच एअरब्रश थुंकू लागला. छटेच्या जागी छिटे यायला लागले. महेशनं कॉम्प्रेसरचा दाब २० पीएसआयवरून ४०वर नेला. घटकाभर चाललं, पुन्हा अडलं. मग त्यानं मागून सुई पुढे दामटली. पुढच्याच फवाऱ्याला आखणी झालेल्या एका मूर्तीच्या भुवईवर तपकिरी रंगाचा फटकारा बसला.

रंग गाळून, पातळ करून द्यायचं काम गणूचं. महेश चार माणसांत त्याच्यावर उखडला. "जाड रंग दिलास. गाळलाही नसशील."

"दादा, दोनदा गाळलाय. हे बघा फडकं."

महेशनं फडक्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी गणू हातपाय धुऊन घरी गेला, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आठवड्याची मजुरीही त्यानं मागितली नाही.

नानांनी ती भुवई कुंचल्यानं सावरली. "पोराकडे जाऊन ये," ते म्हणाले.

"सीझन आटपू दे, नाना. मग बघू."

सीझन आटपला. विसर्जन झालं, पितृपंधरवडा गेला, नवरात्र बसलं. खंडेनवमीला कारखाना शेणानं सारवला, पाटावर कोरण्या, साचे, कुंचले मांडले. महेशनं एअरब्रश आणून मधोमध ठेवला आणि त्यावर झेंडूचं फूल वाहिलं. नानांनी ते फूल उचलून बाजूला ठेवलं.

"याची आंघोळ झाली का?"

महेश गप्प.

"सगळी हत्यारं धुवून पाटावर आली. हा एकटाच पारोसा. आधी उघड त्याला."

अण्णा म्हणाले, "पूजा दुपारी करू."

नानांनी स्टीलच्या ताटात पांढरं फडकं अंथरलं, कारण यातलं नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं. मातीच्या जमिनीवर पडलं तर सापडायचं नाही. महेशनं मागची दांडी काढली आणि सुई धरून ठेवणारी चकती सैल केली. सुई सरळ मागे खेचणार, तोच नानांनी हात धरला. "थोडीशीच मागे घे, टोक सुटण्यापुरती. तिच्या अंगावर वाळलेला रंग आहे. तशीच मागून ओढलीस तर तो रंग आतल्या पॅकिंगमध्ये घासत जाईल. मग खटका चिकटायला लागेल." पुढच्या दोन टोप्या उतरवल्या, छोट्या पान्यानं नोझल काढलं आणि मग सुई पुढून बाहेर आली. तिच्यावर विटकरी, पिवळा, काळा असे थरांवर थर होते. ज्या ज्या रात्री धुणं टाळलं, त्या त्या रात्रीचा रंग तिथं बसला होता.

महेशनं सगळाच एअरब्रश क्लीनरमध्ये बुडवायला घेतला. नानांनी तेही थांबवलं. "खाली हवेची झडप आहे. तिथली रबराची कडी द्रावणात फुगते. धातूचे सुटे भाग तेवढे वाटीत टाक. बाकीचं अंग पुसून काढायचं." कपाच्या तळातून पुढे जाणारी वाट त्यांनी दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशनं साफ केली. ब्रश आत गेला पांढरा, बाहेर आला तांबडा. पुन्हा गेला, पुन्हा तांबडा. तो पांढराच्या पांढरा बाहेर येईपर्यंत नानांनी हात थांबवला नाही.

खिडकी उघडी होती, दोघांच्या तोंडाला मास्क होते. क्लीनरची वाफ आणि रंगाचा फवारा छातीत जाऊ द्यायचा नाही, यावर नाना कडक होते.

भिजलेल्या नोझलमधला पापुद्रा सुटला. एका पोरानं टाचणी पुढे केली तर नानांनी ती परत दिली. टाचणीनं नोझलचं तोंड ओरखडतं आणि मग फवारा कायमचा वाकडा जातो. मऊ ब्रशनंच त्यांनी आतला राहिलेला रंग काढला, नोझल उजेडात धरलं आणि भिंग महेशच्या हातात दिलं.

"काय दिसतं?"

तोंडाशी केसाएवढी चीर होती.

"रंग सगळा निघाला, महेश. ही चीर निघायची नाही. ही रंगानं पडलेली नाही. सुई दामटलीस, तिनं पाडली. कपात बुडबुडे येत होते ना त्या दिवशी?"

"येत होते."

"पुढं जायची हवा त्या चिरेतून मागं कपात शिरत होती. हत्यार सांगत होतं तुला. रंग जाड असता तर नुसता अडला असता; असे बुडबुडे आले नसते."

महेशनं भिंग खाली ठेवलं. फडकं पुढे करणारा गणू त्याच्या डोळ्यांसमोर आला.

जुन्या पेटीत एक जादा नोझल होतं. नानांनी ते बोटानं फिरवून बसवलं आणि पान्यानं अगदी निसटता आवळा दिला, कारण एवढे बारीक आटे जोर केला तर तुटतात. सुईचं टोक कापसावरून हलकेच फिरवून पाहिलं. तंतू अडकला नाही, म्हणजे टोक वाकलेलं नव्हतं. सुईच्या मधल्या भागाला वंगणाचा थेंब लावला, टोक कोरडं ठेवलं. सुई आत सरकवताना ती जिथं टेकली तिथंच हात थांबवला. मग कपात पाणी घालून कागदावर फवारा मारला. रेघ सरळ आली, कपात एकही बुडबुडा आला नाही.

"एवढ्याला अर्धा दिवस गेला," महेश म्हणाला.

"रोज रात्री पाच मिनिटं पुरली असती. कप रिकामा करायचा, पाणी घालून स्वच्छ येईतो मारायचं, पुढच्या टोपीवर फडकं धरून हवा उलटी कपात खळखळवायची, सुई काढून पुसायची. ओला असतो तोवर रंगाला पाणी पुरतं. वाळला की औषध लागतं. आणि औषधाला वेळ नाही म्हणून जोर लावला, की वस्तूच तुटते."

मग नाना थोडं थांबून म्हणाले, "गणूचंही तसंच आहे. त्या संध्याकाळी गेला असतास तर एका शब्दात भागलं असतं. काही माणसं शाडूची असतात. कधीही पाणी घाला, मऊ होतात. काही अ‍ॅक्रिलिकची असतात. कोण कुठल्या जातीचा, हे आधी कळत नाही. म्हणून उद्यावर टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दसरा. महेश आपट्याची पानं आणि राहिलेली मजुरी घेऊन गणूच्या घरी गेला. त्यानं गणूच्या वडिलांसमोर, बहिणीसमोर सांगितलं, "चूक तुझी नव्हती. नोझल मीच फोडलं होतं. चार माणसांत बोललो, म्हणून चार माणसांत सांगायला आलो." गणूनं सोनं घेतलं, दिलं, चहा पाजला. पण तो कारखान्यात परत आला नाही. जोहे गावातल्या एका कारखानदाराला त्यानं तोवर शब्द दिला होता आणि दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. मन निवळलं, माणूस मात्र गेला. मजुरी द्यायला आणि चूक कबूल करायला महेशला महिन्याहून अधिक वेळ लागला होता, त्याची ही किंमत.

पुढच्या वर्षी महेशनं दोन नियम घातले. दिवे घालवण्याआधी एअरब्रशची सुई निघालीच पाहिजे. आणि शनिवारी कुणाची मजुरी किंवा कुणाशी झालेली बोलाचाली बाकी ठेवून कारखाना बंद करायचा नाही. त्या सीझनला काम कमी नव्हतं, पाऊसही कमी नव्हता. पण एअरब्रश एकदाही अडला नाही आणि एकही गडी मध्येच काम सोडून गेला नाही.

बोध: हत्यार असो की नातं, त्यात अडकलेलं ज्या दिवशीचं त्याच दिवशी धुवावं. तेव्हा पाच मिनिटं आणि साधं पाणी पुरतं. उशीर झाला तर कष्टानं तेही निघतं. पण उशीर झाल्यावर लावलेल्या जोरानं जी चीर पडते, ती कुठल्याच पाण्यानं भरून येत नाही.