बोजा आणि भोग

घाटमाथ्यावरच्या वाडीत मूल पुन्हापुन्हा हातपाय दुखून रडू लागले, त्याचे डोळे पिवळसर दिसू लागले, की आईच्या तोंडून निघणारा प्रश्न वैद्याला नसतो, दैवाला असतो: “मागल्या जन्मी ह्यानं असं काय केलं व्हतं?” 1 जुलै 2023 पासून सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आदिवासी मुलखात चालू आहे; तिच्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत रक्त तपासणाऱ्यानेही ह्या प्रश्नाला बगल देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

बोटातून काढलेला थेंब औषधाच्या नळीत सोडतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही, द्रावण गढूळ होऊन त्या बुजल्या तर शंका. माणूस नुसता वाहक आहे की रोगग्रस्त, हे त्या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी पुढली तपासणी लागते, आणि थेट जनुकापर्यंत गेल्यास एकच अक्षर बदललेले आढळते, ज्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते आणि प्राणवायू उणा पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

ह्या अक्षरात पाप कोणाचे? जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या विहारांत ज्यांचा वर्षावास होई त्या भिक्षूंच्या शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, सगळी वेदना पूर्वकर्माचेच फळ होय हे मत पाली सुत्तांत स्पष्ट नाकारले आहे. पित्त, कफ, वात आणि ऋतुपालट हीही तिची कारणे त्याने गणली, आणि कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, पाहिले. अक्षराला हेतू कोठला?

उलट, 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखविले की हे अक्षर एकाच पालकाकडून आले तर जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे जे आज नातवाला छळते त्याने कोणा पणज्याला तापातून उठविले असण्याचा संभव आहे. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीबरोबर वारसाच्या नावे बोजाही चढतो. तो फेडणाऱ्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. मला ‘भोग’ ह्या शब्दापेक्षा ‘बोजा’ हा शब्द न्याय्य वाटतो.

कर्म सुरू होते ते जाणल्यानंतर. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाला रोगाचा धोका चारात एक, मग कुळे कितीही वेगळी असोत. हे कळल्यावर जो निर्णय होईल तो मात्र हेतुपूर्वक, त्यांचा स्वतःचा. तेव्हा नोंदवहीत ‘वाहक’ हा शब्द लिहिणाऱ्याने आधी लेखणी खाली ठेवावी आणि समोरच्या आईला तिच्याच बोलीत सांगावे: “ह्यानं काय बी केलं नव्हतं, ताई. तुम्ही बी नाही.”