घडीतला हात

काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची. आजोबा निजामाच्या रेल्वेत कारकून, म्हणून घरही स्टेशनला लागूनच. ते रिकामे करताना १९३८ सालचा कुटुंबाचा मोठा फोटो माझ्या वाट्याला आला. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तो संगणकावर घेऊन पाठव, असा चुलतभावाचा निरोप होता.

काम वाटले तितके सोपे नव्हते. जुन्या फोटोतली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते आणि काळ्या भागांवर निळसर, आरशासारखी चकाकी धरते. स्कॅनरचा दिवा पडला की आजोबांचा काळा कोट पांढुरका दिसे. शेवटी फोटो टेबलावर सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावले आणि वरून कॅमेऱ्याने टिपला. कोट काळा झाला.

खरी अडचण वेगळीच होती. चौकटीतून काढला तेव्हाच फोटोची उजवी कड मागे दुमडलेली दिसली होती. चारेक बोटे रुंद पट्टी. जरा उचलून पाहिले तर आलवणातली, डोक्यावरून पदर ओढलेली बाई. आजोबांची विधवा बहीण. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो.

घडी तशीच उघडली असती तर कोरडा थर तडकला असता. बंद डब्यात, पाण्याला न टेकवता, काही तास दमट हवेत ठेवले की तो नरम पडतो. मग टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवायचे. हे ठाऊक असूनही हात थांबला. ही घडी घातली कुणी?

आजोबांनी घातली असेल तर उघडणे सरळच होते. शुभकार्यात विधवा समोर नको, तशी दिवाणखान्याच्या भिंतीवरही नको, हा हिशेब आमच्या घरात होता. पण तिनेच घातली असेल तर? केशवपन झालेल्या अवस्थेत आपण जन्मभर भिंतीवर टांगलेले राहावे, हे तिला नको असेल तर? मग माझी उदारबुद्धी ही तिच्यावर आणखी एक बळजबरी. याच हैदराबादेत राजा दीनदयाळांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता; आतली व्यवस्था एका इंग्रज बाईकडे. पडदाही राही, फोटोही निघे. आत्याआजीला अशी सोय कुणी दिली होती?

काकांना फोनवर विचारले. म्हणाले, "ती त्या खोलीत कधी यायचीच नाही रे." याचा अर्थ दोन्हीकडे लागतो.

मग एक गोष्ट लक्षात आली. फोटोत वडील पाच वर्षांचे, उजव्या टोकाला उभे. त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. तो आजीचा, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. आजीचे दोन्ही हात मांडीवर आहेत, हे इतक्या वर्षांत कुणी पाहिलेच नव्हते. घडी घालणाऱ्याला, मग ते कुणी का असेना, तेवढा हात दुमडता आला नव्हता. की दुमडायचा नव्हता?

मी फोटो डब्यात ठेवला.

उघडलेल्या फोटोत आत्याआजी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. खाली, मुलाकडे पाहते आहे. तिच्या कोपरावरून एक पांढरी उभी रेघ गेली आहे. चुलतभावाला फोटो आवडला. एवढेच कळवले, की ती रेघ तेवढी काढता येईल का.

येते. अर्ध्या तासाचे काम आहे. मी रेघेसकट तोच फोटो त्याला पुन्हा पाठवला.